प्रश्न क्रमांक सतरा आणि ताईचा डबा

ट्रेलर मागे कसा घ्यावा हे आमच्या शहरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी चौदा वर्षं धरून चाललो होतो. त्याला कारण आहे. मी लायसन्सच्या ऑफिसात लेखी परीक्षेच्या विभागात काम करतो, आणि मोठ्या ट्रेलरच्या लायसन्सची जी प्रश्नपत्रिका असते तिच्यातला सतरावा प्रश्न माझा आहे. माझा म्हणजे मी स्वतः काढलेला. ‘मागे जाताना ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडे न्यायचं असल्यास चालकाने स्टिअरिंग कोणत्या बाजूला फिरवावं?’ खाली चार पर्याय आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. बरोबर उत्तर ‘डाव्या’. ट्रेलर उलटा वागतो, हे त्यातलं मर्म.

हा प्रश्न मी एका दुपारी टेबलावर पंचिंग मशीनला स्टेपलर बांधून तयार केला होता. खरा ट्रेलर मी तोवर कधी ओढला नव्हता. पोहण्याच्या शर्यतीचा पंच स्वतः पाण्यात उतरत नाही, तसंच हे. पण घरात आणि गल्लीत माझा या विषयातला अधिकार कुणी नाकारला नव्हता. विषयच कधी निघाला नव्हता, हे त्याचं मुख्य कारण असेल.

विषय ताईमुळे निघाला. ताई माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो, आणि तिथून पुढे माझे डबे, दप्तर, ताप आणि गणित हे सगळं ताईनेच बघितलं. आज मी चौऱ्याऐंशी किलोचा आहे, तरी ती मला बारक्या म्हणते. भाऊजी गेल्यापासून ती शहराबाहेरच्या एका कॅम्पच्या मैदानावर, गाडीमागे जोडून न्यायच्या आपल्या कॅराव्हॅनमध्ये राहत होती. दोन खिडक्या, एक पलंग, एक शेगडी आणि कॉटखाली सगळा संसार. तिला ती डबा म्हणते, म्हणून आम्हीही डबाच म्हणतो.

तर ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. पुढचे सहा आठवडे कुणीतरी हाताशी असायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच म्हटलं, आमच्याकडे ये. ती म्हणाली, “तुमच्या घरात नाही राहणार. दोघांचं घर आहे ते, त्यात मी तिसरी कशाला? माझा डबा तुमच्या बोळात लावता येत असेल तर बघ. नाहीतर नदीपलीकडच्या त्या शुश्रूषा केंद्रात मी नाव घालून ठेवलंय. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचंय.”

त्या केंद्रात मी एकदा एका साहेबांना भेटायला गेलो होतो. भिंती हिरव्या, टीव्ही मोठ्याने, आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे सगळे ‘काय मग आजी’ म्हणतात. ताईला कुणी ‘काय मग आजी’ म्हणावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “सातच्या आत डबा बोळात असेल. अगं, मी सतराव्या प्रश्नाचा माणूस आहे.”

“बघ बाबा,” ताई म्हणाली.

आमचा बोळ म्हणजे आमचं घर आणि शेजारच्या लॉन्ड्रीची भिंत यांच्यामधली गल्ली. रस्त्याकडून बघितलं तर डावीकडे आमचं स्वयंपाकघर, उजवीकडे लॉन्ड्रीची भिंत. बोळ मागे थोडा चढत जातो आणि आमच्या परसात संपतो. परस तिन्ही बाजूंनी बंद आहे. मी टेप घेऊन सगळं मोजलं. बोळाची रुंदी, डब्याची रुंदी, उंची, पावसाच्या पाइपाचं पुढे आलेलं कोपर, सगळं. दोन्ही बाजूंना मिळून वीत-दीड वीत जागा उरत होती. वजनही बघितलं. डबा साध्या लायसन्सवर ओढता येण्याच्या मर्यादेत चाळीस किलोंनी बसत होता. म्हणजे कायदाही आपल्या बाजूने.

राहता येण्याजोगं वाहन बोळात ठेवायला नगरपालिकेची परवानगी लागते. ती सहा आठवड्यांची मिळते, पुढे लागली तर पुन्हा फॉर्म. गुरुवारी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीमागच्या क्लार्कने विचारलं, “वाहन बोळात येणार की बोळातून जाणार?”

“येणार.”

“तोंड कुठे असणार?”

“रस्त्याकडे. रिव्हर्सने आत घेणार ना.”

“तोंड रस्त्याकडे म्हणजे जाणार.” त्याने ‘जाणार’वर खूण केली. “मग जाणाऱ्या वाहनाला थांबायची परवानगी कशाला हवी?”

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण मीही बारा महिने खिडकीमागेच बसतो, आणि एका खिडकीमागच्या माणसाने दुसऱ्या खिडकीमागच्या माणसाशी वाद घालू नये हे मी पाळतो. मी नम्रपणे म्हटलं की वाहन जाणारंच आहे, पण सहा आठवड्यांनी. त्याला ते पटलं. त्याने ‘विलंबाने जाणार’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

त्या रात्री सरावाला आमची चहाची ट्रॉली घेतली. मी गाडी झालो, ट्रॉली डबा झाली, आणि मी हॉलमधून मागे मागे चालत स्वयंपाकघरात शिरलो. तीन वेळा बिनचूक. बायको ओट्याशी उभी राहून बघत होती. “अहो, पण ट्रॉलीची चारही चाकं हवी तिकडे वळतात,” ती म्हणाली. “डब्याची वळतात का?” मी ट्रॉली पुन्हा हॉलमध्ये नेली. शंका काढणाऱ्यांच्या हातून जगात काही उभं राहत नाही.

शनिवारी सकाळी कॅम्पवरून डबा आणला. पुढे जाण्यात काहीच नसतं, डबा आपला मुकाट मागून येतो. ताई शेजारी बसली होती आणि रस्ताभर आपल्या बाजूच्या आरशात बघत होती. मला वाटलं, बिचारी घाबरली असेल. मी तिला धीर दिला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी बोळाच्या तोंडाशी गाडी उभी केली. ताईला समोरच्या ओट्यावर खुर्ची दिली. ती काठी टेकून बसली आणि म्हणाली, “बारक्या, मी काय म्हणते...”

“ताई, आत्ता नको. आत्ता लक्ष लागायला हवं,” मी म्हटलं आणि रिव्हर्स टाकला.

डब्याचं मागचं टोक मला उजवीकडे न्यायचं होतं. प्रश्न क्रमांक सतरा. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि डबा खरोखरच उजवीकडे गेला. अंगावर मूठभर मांस चढलं. पण उजवीकडे गेलेला डबा उजवीकडेच जात राहिला, जातच राहिला, आणि शेवटी गाडी आणि डबा यांचा काटकोन झाला. माझ्या खिडकीतून मला ताईच्या शेगडीची खिडकी समोरासमोर दिसायला लागली. माझ्या पेपरात यापुढे प्रश्न नव्हता. अठरावा प्रश्न हॉर्नबद्दल होता.

पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला. दुसऱ्या खेपेला आमची जाडजूड कुंडी गेली. तिसऱ्या खेपेला पावसाच्या पाइपाचं कोपर गेलं, जे मी मोजलं होतं. मोजलेली वस्तू मोडली की जास्त लागतं. चौथ्या खेपेला समोरचे निवृत्त हेडमास्तर खडूचा डबा घेऊन खाली उतरले.

हेडमास्तरांकडे गाडी नाही, कधी नव्हती. त्यामुळे त्यांच्या मतांना कुठे अडखळायला जागा नसते. त्यांनी रस्त्यावर खडूने दोन रेघा मारल्या, त्यांच्यामध्ये एक बाण काढला, आणि डब्यामागे जाऊन दोन्ही हातांनी खुणा करू लागले. डबा मध्ये असल्यामुळे मला ते दिसत नव्हते. ते दिसायला बाजूला आले की त्यांना डब्याचं मागचं टोक दिसत नव्हतं. तरी त्यांनी खुणा थांबवल्या नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते, उंटामागून हाकणारे पहिल्यांदाच बघितले.

“कोन चुकतोय तुमचा,” ते म्हणाले.

“कोणता कोन?”

“सगळेच.”

एव्हाना मागे चार गाड्या आणि एक पाण्याचा टँकर खोळंबले होते. टँकरवाला उतरून शांतपणे बोनेटला टेकून उभा राहिला. कुणीतरी सुचवलं, हूक काढा आणि माणसं लावून ढकला. आठ माणसं लागली असती, आणि चढावर डबा सुटला असता तर थेट टँकरवर. बायको प्रत्येकाला चहा देत होती. माझ्या खिडकीशी आली तेव्हा हळूच म्हणाली, “अहो, लॉन्ड्रीवाल्यांना विचारू का?”

इथेच घोडं पेंड खात होतं. लॉन्ड्रीवाले आमचे शेजारी, माणूस सरळ, बोलणं कमी. हॉटेलांच्या चादरी ने-आण करायला त्यांना मोठा ट्रेलर घ्यायचा होता, म्हणून ते आमच्या ऑफिसात लेखी परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा एका मार्काने नापास झाले. तिन्ही वेळा सतराव्या प्रश्नात. चौकोनात खूण करायची सोडून ते बाजूला लिहायचे, ‘आधी डावीकडे, मग लगेच उजवीकडे, नाहीतर दुमडेल.’ मी तिन्ही वेळा त्यावर लाल रेघ मारली आणि शेरा दिला, ‘चौकोनाबाहेर लिहू नये.’ ते कधी काही बोलले नाहीत. माझ्या शर्टांच्या कॉलरना मात्र तेव्हापासून इतकी खळ येते की मान वळवताना आवाज होतो.

त्यांना विचारणं म्हणजे काय, हे सांगायला नको. मी बायकोला म्हटलं, “अजून एक प्रयत्न.”

त्या प्रयत्नात डब्याच्या मागच्या कोपऱ्याने लॉन्ड्रीची वाळवणाची दोरी उचलली. अकरा पांढऱ्या चादरी डब्यावर आणि गाडीच्या काचेवर येऊन बसल्या. मागे काही दिसत नव्हतंच, आता पुढेही दिसेना. हेडमास्तर चादरीखालून म्हणाले, “थांबा.” दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ओट्यावर ताई पर्समधून फोन काढत होती. केंद्राचा नंबर तिने कागदावर लिहून आणला होता, फोनमध्ये ती नंबर घालत नाही. कागद तिच्या हातात दिसला. मान गेला तर गेला. मी दार उघडून उतरलो आणि लॉन्ड्रीत गेलो.

ते इस्त्री करत होते. शर्ट माझाच होता.

“तुम्ही सतराव्या प्रश्नाला काय लिहिलं होतं हो?” मी विचारलं.

त्यांनी इस्त्री उभी केली. “आधी डावीकडे, मग लगेच उजवीकडे,” ते म्हणाले. “नाहीतर दुमडेल.”

“हां. ते जरा बाहेर येऊन सांगता का?”

ते आले. आधी चादरी काढल्या, घड्या घातल्या, हेडमास्तरांना एका बाजूला उभं केलं. मग माझ्या खिडकीच्या बाजूने चालत राहिले. “डावीकडे थोडं. बास. आता उजवीकडे, डब्याच्या मागे जा. त्याला ढकलू नका, त्याच्या मागे जा. तो वळायला लागला की आपण सोडायचं.” इतकंच. आवाज चढवला नाही. चौदा वर्षांत मी जो अर्धा प्रश्न विचारला होता त्याचं उरलेलं अर्धं उत्तर त्या माणसाने मला दीड तास, एकेक वीत करून शिकवलं. पावणेचारला डबा बोळात होता, सरळ, तोंड रस्त्याकडे. टँकरवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी उतरलो, रुमालाने मान पुसली, आणि ओट्याकडे बघून म्हटलं, “ये ताई. तुझं घर तयार आहे.”

ताई काठी टेकत आली. बोळात डोकावली. डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं.

“दार कुठंय?” ती म्हणाली.

डब्याला दार एकाच बाजूला आहे. पुढे तोंड करून बघितलं तर डाव्या. डबा उलटा आत गेल्यामुळे ते दार आता लॉन्ड्रीच्या भिंतीला लागलं होतं. मधे हात जाईल एवढी फट होती, पण ताई जाईल एवढी नव्हती. मी रुंदी मोजली होती, उंची मोजली होती, पाइपाचं कोपर मोजलं होतं. दार कुणी मोजलं नव्हतं.

“मी सकाळी तेच म्हणत होते,” ताई म्हणाली. “सरळ आत घाल म्हणून. दार तुमच्या स्वयंपाकघराकडे येईल.”

मग हेडमास्तर म्हणाले, “मला शंका होतीच.” टँकरवाला गाडीत जाऊन बसला.

मी डबा सरळ बाहेर काढला, चौकाला वळसा घातला, परत आलो आणि नाकासमोर बोळात शिरलो. गाडी परसात जाऊन थांबली, मागे डबा स्वयंपाकघराशेजारी उभा राहिला, दार बरोब्बर आमच्या स्वयंपाकघराच्या बोळातल्या दारासमोर, एका पावलावर. या सगळ्याला चार मिनिटं लागली. सात वाजायच्या आत ताईने केंद्राला फोन करून नाही म्हणून कळवलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मोडकी कुंडी ओलांडून तिथेच पायरीवर बसलो.

“अहो,” बायको म्हणाली, “पण आपली गाडी?”

गाडी परसात होती. पुढे भिंत, दोन्ही बाजूंना भिंत, मागे ताईचा डबा. गाडी बाहेर काढायची तर डब्यासकट रिव्हर्सने काढावी लागणार होती.

सोमवारपासून मी बसने ऑफिसला जायला लागलो.

ऑपरेशन छान झालं. ताई सकाळी काठी घेऊन आमच्या ओट्याशी यायची, बायकोला भाजी निवडून द्यायची, आणि आपल्या डब्यात परत जायची. रात्री स्वयंपाकघराची खिडकी उघडली की तिच्या खिडकीतला दिवा दिसायचा. मी उघड्या खिडकीतून तिला ‘झोपलीस का’ विचारायचो, ती ‘तू झोप’ म्हणायची. चौथीत असताना असंच चालायचं.

इकडे ऑफिसात मी सतरावा प्रश्न दुरुस्त करण्याचा प्रस्ताव पाठवला. वरून उत्तर आलं की सदर प्रश्न या विषयातील ज्येष्ठ तज्ज्ञाने काढलेला असल्याने त्यात बदल करता येत नाही. ज्येष्ठ तज्ज्ञ म्हणजे मी. तेव्हा मी लॉन्ड्रीवाल्यांना भेटून सांगितलं की चौकोनात खूण करा आणि बाकी मनात ठेवा. ते चौथ्या खेपेला पास झाले. मोठा ट्रेलर घेतला, आणि रोज सकाळी ऑफिसच्या परीक्षेच्या मैदानावर मला त्यावर शिकवू लागले. कॉलर मऊ झाल्या. पाचव्या आठवड्यात मी स्वतः परीक्षेला बसलो. रिव्हर्स, वळणावर रिव्हर्स, दोन खांबांमधून रिव्हर्स, सगळं एका दमात. माझ्याच ऑफिसात मी रांगेत उभा राहून मोठ्या ट्रेलरचं लायसन्स काढलं. घरी कुणाला सांगितलं नाही. रजिस्टर पोस्टाने आलेलं पाकीट एका संध्याकाळी माझ्या टेबलावर पेपराखाली सापडलं. बंद होतं, पण आमच्याकडे पाकिटावर ऑफिसचं नाव आणि खाली ‘लायसन्स, ट्रेलर, मोठे’ असं ठळक छापलेलं असतं. दिवसा घरी कोण असतं आणि पोस्टमनला सही कोण देतं, हा विचार तेव्हा मी केला नाही.

सहावा आठवडा संपत आला तशी ताई निघायची भाषा बोलू लागली. काठी सुटली होती. मैदानावर जागा अजून आहे म्हणाली. “तुम्हाला गाडी हवी असेल. बसने किती दिवस जाशील?”

“बस चांगली आहे,” मी म्हटलं.

त्याच दिवशी ताईच्या डब्यात साखर घ्यायला गेलो. कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवला होता. डबा एका अरुंद फाटकातून मागे येतोय, भाऊजी मागे उभे राहून दोन्ही हातांनी ‘ये, ये’ करतायत, आणि गाडीच्या खिडकीतून मान मागे वळवून, एका हाताने स्टिअरिंग धरून बसलीय ती ताई. खाली भाऊजींच्या अक्षरात, ‘हिचा शंभरावा रिव्हर्स. माझा अजून पहिला बाकी.’

मी फोटोकडे बघत उभा राहिलो. शंभर वेळा. आणि त्या शनिवारी ती चार तास खुर्चीवर बसून होती. गुडघा वाकत नव्हता हे खरं. पण तोंडाने सांगता आलं असतं, मी सांगू दिलं असतं तर. मी कपाट लावलं आणि साखर घेऊन आलो.

संध्याकाळी नगरपालिकेचा फॉर्म काढून बसलो. मुदतवाढीसाठी कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, ‘वाहन रिव्हर्सने बाहेर काढणे आवश्यक असून चालकास किंवा घरातील कोणत्याही व्यक्तीस ट्रेलर मागे घेता येत नाही.’ खाली मी सही केली. मी, लायसन्सच्या ऑफिसातला माणूस, खिशात मोठ्या ट्रेलरचं लायसन्स. फॉर्मवर घरातल्या सज्ञान व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. बायको बाजारात गेली होती. मी फॉर्म घेऊन डब्यात गेलो आणि ताईपुढे ठेवला.

ताईने चष्मा लावला. सावकाश वाचलं. ‘कोणत्याही व्यक्तीस’वर तिचं बोट थांबलं. तिने वर माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे बघितलं.

“ते पाकीट मिळालं ना तुला, मी पेपराखाली ठेवलेलं?” तिने विचारलं.

“मिळालं,” मी म्हटलं. “फोटो छान आहे.”

“हं.” तिने पेनाचं टोपण काढलं. “मजकूर बरोबर आहे तुझा. दोघांनाही येत नाही.”

सही करून तिने फॉर्म माझ्या हातात दिला आणि उशी नीट करत म्हणाली, “दर सहा आठवड्यांनी काय खेपा घालायच्या रे, बारक्या? वर्षाचा फॉर्म मिळतो का, उद्या विचारून ये.”